स्वस्तात चविष्ट रांधायचंय? आधी या चुका टाळा

महिनाअखेरीला हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली काटछाट भाजीच्या पिशवीत आणि तेलाच्या किटलीत होते. मग आमटी पाणचट लागते, उसळ मिळमिळीत होते, भाकरी तव्यावरच तुटते आणि घरातली माणसं चिवड्याच्या पुड्याकडे वळतात. दोष स्वस्त जिनसांचा नसतो. तूर, मटकी, ज्वारी, बेसन, शेंगदाणे या सगळ्यांना स्वतःची भरपूर चव आहे. ती बाहेर काढायला वेळेवर भिजवणं, पाण्याचं माप आणि कशानंतर काय घालायचं याचा क्रम सांभाळावा लागतो. बिघाड नेमका तिथेच होतो.

डाळ शिजत नाही, आणि गॅस जळत राहतो

डाळ कच्ची राहिली की लोक शिट्ट्या वाढवतात. त्याआधी तीन गोष्टी तपासा. डाळ भिजवली होती का? तूरडाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजली तरी शिजण्याचा वेळ बराच कमी होतो. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळीबरोबरच कुकरमध्ये घातला होता का? आंबटामुळे डाळ मऊ पडायला वेळ लागतो, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. तिसरी गोष्ट पाण्याची. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात डाळी आणि कडधान्यं टणक राहतात. डाळीपुरतं पिण्याचं पाणी वापरा. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ लवकर शिजते हे खरं, पण सोड्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. रोज तो मार्ग नको.

माप सोपं आहे: 1 वाटी डाळीला अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद, थोडा हिंग आणि चार थेंब तेल. तेलामुळे फेस कमी होतो आणि शिट्टीत डाळ अडकत नाही. कुकर डाळीने आणि पाण्याने मिळून अर्ध्याच्या वर भरू नका. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा. वाफ एकदा कोंडली की मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते आणि तिच्याबरोबर गॅस. मंद आचेवर 10-12 मिनिटं ठेवून बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. त्या वेळातही डाळ शिजत असते; घाईने झाकण उघडणारे हा फुकटचा वेळ घालवतात.

पाणचट आमटीचं कारण बहुतेकदा डाळ कमी पडणं नसून न घोटणं असतं. शिजलेली डाळ पाणी घालण्याआधी रवीने नीट घोटा, मग उकळतं पाणी घाला. गार पाणी ओतलं की डाळ खाली आणि पाणी वर राहतं. नीट घोटलेल्या पाऊण वाटी डाळीत चार माणसांची आमटी आरामात होते. तिला सुपारीएवढी चिंच, साधारण तेवढाच गूळ आणि चमचाभर गोडा मसाला घाला. मसाला शेवटच्या चार-पाच मिनिटांत घातला तर वास टिकतो. तूर महाग असेल तेव्हा निम्मी तूर आणि निम्मी मसूर घ्या. मसूर लवकर गळते आणि आमटीला दाटपणा देते.

मोड: वास येतो, तार सुटते, दाताखाली खडा लागतो

कमी पैशात पोटभर आणि चवीचं खायचं तर मोडाच्या कडधान्याला पर्याय नाही. वाटीभर कोरडी मटकी मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते. पण सर्वांत जास्त नासाडीही इथेच होते.

मटकी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन तिच्या तिप्पट पाण्यात भिजत घाला. 8 ते 10 तास पुरेत. उन्हाळ्यात सकाळी भिजवलेली मटकी दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्यातच राहिली तर वर फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि दाण्यातला अंकुर पाण्यात गुदमरून मरतो. ती मग कितीही बांधून ठेवा, मोड येत नाहीत.

उपसल्यावर चाळणीत किमान 15 मिनिटं पूर्ण निथळू द्या. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. फडक्यात पाणी साचलं की खालचे दाणे चिकट होतात. फडकं सुती, धुतलेलं आणि घट्ट पिळलेलं हवं. गाठोडं आवळून बांधू नका, मोडांना हवा आणि जागा लागते. उन्हाळ्यात 12 तासांत मोड दिसतात. थंडीत 24 तासही लागतात. तेव्हा भिजवायला कोमट पाणी घ्या आणि गाठोडं झाकणाच्या डब्यात ठेवून उबेला ठेवा. गाठोडं वरून कोरडं पडलं तर हाताने पाण्याचा हबका मारा, पुन्हा भिजवू नका. हलका वास आला असेल तर धुऊन लगेच शिजवता येतं. पण दाणे बोटाला तार धरू लागले असतील तर फेकून द्या. असं कडधान्य शिजवूनही खाण्यात शहाणपण नाही.

दाताखाली येणारे खडे म्हणजे गणंग, न भिजलेले टणक दाणे. ते निवडत बसण्यापेक्षा मोड आलेली मटकी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात सोडा, हलकेच ढवळा आणि वरचे मोड हाताने उचलून घ्या. गणंग जड असतात, ते तळाशी राहतात.

मोडाची मटकी कुकरला लावली की तिचं पीठ होतं. फोडणीत कांदा परतून मटकी दोन-तीन मिनिटं परता, वर ताट ठेवा आणि ताटात पाणी घाला. खालची वाफ थंड ताटाला लागून परत उसळीत पडते, त्यामुळे उसळ करपत नाही. ताटातलं तापलेलं पाणी लागेल तसं उसळीत घाला. 12-15 मिनिटांत दाणा अख्खा राहून मऊ होतो. आमसूल शेवटी घाला. तरीही पीठ झालंच तर उसळ म्हणून वाढू नका. दोन वाट्या गरम पाणी आणि दोन चमचे दाण्याचं कूट घालून उकळा, भाताबरोबर छान रस्सा होतो.

मोडाचे मूग भरपूर पाण्यात शिजवले तर वरचं पाणी ओतून देऊ नका. त्यात ताक, मीठ, वाटलेली मिरची आणि वरून तुपा-जिऱ्याची फोडणी घातली की कळण होतं. मुगाची उसळ वेगळी. एका वाटी मुगात दोन पदार्थ होतात.

राजमा स्वस्त मिळाला म्हणून उसळीसारखा अर्धवट शिजवू नका. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा विषारी घटक असतो. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि कुकरमध्ये बोटांनी सहज चिरडेल इतका शिजवा.

फोडणी: दोन चमचे तेलात भागतं

तेल कमी करायचं म्हणून लोक मोठ्या कढईत चमचाभर तेल घालतात. ते तळाला पसरतं, मोहरी बुडत नाही, अर्धी करपते आणि अर्धी कच्ची राहून कडवट लागते. त्यापेक्षा लहान कढल्यात किंवा लोखंडी पळीत फोडणी करा. तेल एका जागी खोल राहतं, म्हणून आमटीला दोन छोटे चमचे पुरतात. एक मोहरी टाकून पाहा, ती लगेच तडतडली की बाकीची घाला. तडतड थांबत आली की जिरं, मग ठेचलेला लसूण. लसूण बदामी झाला की कढीपत्ता आणि हिंग. आता गॅस बंद करा आणि मगच हळद, तिखट घाला. तापलेल्या तेलात तिखट दोन-तीन सेकंदांत काळं पडतं. फोडणी उकळत्या आमटीत ओता आणि पळीसुद्धा आमटीत बुडवून काढा, तळाला चिकटलेला मसाला वाया जात नाही.

लसूण काळा झाला किंवा तिखट जळलं तर ती फोडणी टाकून द्या. दोन चमचे तेल वाचवायला गेलात तर पातेलंभर आमटी कडू होते.

दाण्याचं कूट हा आपल्याकडचा स्वस्त दाटपणा. शेंगदाणे मोठ्या आचेवर भाजले की बाहेरून डागाळतात आणि आत कच्चे राहतात. त्या कुटाची भाजी कडसर लागते. मंद आचेवर 10-12 मिनिटं भाजा, गार करून सालं पाखडा आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. एका वेळी आठवड्यापुरतंच करा, जुनं कूट खवट होतं. बुरशीचा वास असलेले, काळपट दाणे कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत.

पिठल्यातल्या गाठी

बेसन गरम पाण्यात कालवलं की पिठाचा बाहेरचा थर शिजतो आणि आतलं पीठ कोरडं राहतं, तीच गाठ. 1 वाटी बेसन आधी 1 वाटी गार पाण्यात गुळगुळीत करा. फोडणीत कांदा, मिरची, लसूण परतून दोन-अडीच वाट्या पाणी उकळा आणि ढवळत ढवळत बेसन सोडा. दोन मिनिटांत घट्ट झाल्यासारखं दिसतं आणि तिथेच फसगत होते. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी 7-8 मिनिटं वाफ दिली नाही तर कच्च्या पिठाचा वास राहतो. गाठी झाल्याच तर रवीने तिथल्या तिथे घुसळा.

भाकरी तुटते

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी जुळून येते ती गरम पाण्याने फुगलेल्या पिठातल्या स्टार्चमुळे आणि पीठ ताजं असेल तरच. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे जुळून येण्याची ताकद, जाते आणि थापताना कडा फाटतात. म्हणून धान्य घेऊन गिरणीतून आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीच्या पिठाला तर हे जास्त लागू, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त असतो आणि पीठ लवकर कडू पडतं.

विरी गेलेलं ज्वारीचं पीठ टाकून देऊ नका. पाऊण वाटी पाण्यात चिमूटभर मीठ घालून उकळा, गॅस बंद करून वाटीभर पीठ घाला, ढवळा आणि 10 मिनिटं झाका. ही उकड कोमट असतानाच मळा. पीठ ताजं असलं तरी सगळं एकदम मळू नका. एका भाकरीपुरतं घेऊन तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडा. मळून ठेवलेला गोळा पाणी सोडतो आणि सैल पडतो.

थापलेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाका आणि लगेच वरून पाणी फिरवा. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली तर वर तडे जातात, वाफ त्यांतून निसटते आणि भाकरी फुगत नाही. तवा कमी तापलेला असेल तर ती चिकटते. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर नाचला की तवा तयार.

भाजीची पिशवी

पालेभाजी धुऊन फ्रीजमध्ये ठेवली की दोन दिवसांत सडते. न धुता, मुळं कापून, कोरड्या सुती पिशवीत ठेवा. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत घाला, मुळ्याचा पाला डाळ किंवा बेसन पेरून परता, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी करा. पण दुधी आणि दोडका चिरताना तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खं फळ फेका. त्या कडूपणाने उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो, आणि शिजवून तो जात नाही. हिरवट पडलेल्या बटाट्याचंही तसंच. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

शिळं वापरताना

रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवून फोडणीला टाकणं ही जुनी सवय आहे, पण धोक्याची. भातातले काही जंतू विष तयार करतात आणि ते विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. भात ताटात पसरून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. गार भात मोकळा असतो, त्यामुळे फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा चांगला होतो. शिळ्या पोळीचा कुस्करा कोरडा होत असेल तर पोळी मिक्सरमध्ये भुगा न करता हाताने जाडसर कुस्करा, चार पोळ्यांना तीन-चार चमचे ताकात मीठ-साखर विरघळवून शिंपडा आणि 5 मिनिटांनी फोडणीत टाकून झाकणाखाली एक वाफ आणा.