पातळी उतरली की आधी कारण शोधा: गाडीच्या मोठ्या दुरुस्त्या टाळताना

इंजिन खोलायची वेळ आलेल्या गाड्या पाहिल्या, तर सुरुवात बहुतेक वेळा कमी पडलेल्या लिटरभर ऑइलपासून, बिघडलेल्या कुलंटपासून (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापासून) किंवा रबराच्या एखाद्या फाटक्या तुकड्यापासून झालेली असते. त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं. काम पाच-सात मिनिटांचं आहे.

आधी इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. पहिल्यांदा काढल्यावर दिसते ती पातळी धरायची नाही, कारण नळीच्या कडेचं ऑइलही पट्टीला लागलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत किमान आणि कमाल या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचा फरक असतो. भर घालायची तर २००-२५० मिलीच्या टप्प्याने घाला आणि दरवेळी थांबून तपासा. कमालच्या वर गेलं की क्रँकशाफ्ट (इंजिनचा तळाशी फिरणारा मुख्य दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते काही दिवसांतच काळं होतं. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी किंवा कुलंट शिरलेलं असू शकतं. मग इंजिन चालू न करता आधी तपासणी करून घ्या.

ऑइल बदलायचा अंतराल मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. अनेक गाड्यांसाठी तो १०,००० किमी किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा आहे. रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं ऑइल त्याआधी बदललेलं बरं. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापत नाही, ओल आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्येच राहतं आणि पुढे त्याचा गाळ होतो. हा गाळ ऑइल पंपाची जाळी अडवतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीत पहिला फटका टर्बोला बसतो, कारण त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावरच टिकून असतो.

स्वतः ऑइल बदलणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. ऑइल कोमट असताना सोडा, ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून बघा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की इंजिन चालू होताच ऑइल उडतं. नव्या रिंगेला ऑइलचा हात लावा, फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी द्या. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही.

कुलंटची यंत्रणा बंदिस्त असते. टाकीतली पातळी वारंवार उतरत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय. नुसती भर घालत राहणं ही इथली सर्वांत महागडी सवय. होजच्या क्लॅम्पपाशी आणि वॉटर पंपाखाली सुकलेले रंगीत किंवा पांढरे डाग शोधा. डॅशबोर्डखालचा गालिचा ओला आणि गोडसर वासाचा असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. बाहेर कुठेच डाग नाही, पण इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, तर हेड गास्केटचा, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधल्या सीलचा, संशय घ्या.

भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकारच घ्या. सांद्र कुलंट असेल तर साधारणपणे निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळतात. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साठतात. झाकणही पाहा. ते यंत्रणेतला दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळेच कुलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की तेवढ्यानेही गाडी गरम होते.

ट्रॅफिकमध्ये गरम होणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर ठीक असेल, तर आधी पंखा, त्याचा रिले आणि फ्यूज तपासा. उलट वेगात असतानाच काटा चढत असेल, तर रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट (कुलंटचा रस्ता उघडणारी झडप) अडकलेला असण्याची शक्यता जास्त. काटा लाल पट्ट्याकडे निघाला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. तसंच पुढे दामटलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गास्केट जातं.

ब्रेक ऑइलचं वेगळं आहे. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते. म्हणून आधी पॅड मोजा. नवे पॅड साधारण १०-१२ मिमी असतात, ३ मिमी उरले की बदला. किंचाळल्यासारखा आवाज ही बहुधा पॅडवरच्या पत्रीची सूचना असते. घासल्याचा खरखरीत आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड, आता डिस्कही गेली. पॅड जाड असूनही पातळी घटली, तर ती गळती आहे आणि गाडी चालवायची नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलतात. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल धरलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ वर येते. लांब घाट उतरताना त्यात वाफ झाली की पेडल थेट खाली जातं.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनवर १३ च्या खाली आकडा असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) आणि त्याचा बेल्ट बघा. टर्मिनल साफ करताना ऋण बाजू आधी काढा आणि शेवटी लावा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असलेल्या गाडीत त्याची मुदत चुकवू नका. तो तुटताना आधी सूचना देईलच असं नाही, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर तोही त्याच वेळी बदला, कारण खोलण्याची मजुरी पुन्हा तेवढीच लागते.

गाडी वर घेतलीच आहे तर पुढच्या चाकांमागचे रबरी बूट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरची आवरणं, हाताने दाबून बघा. चीर दिसली आणि वळताना कटकट आवाज नसेल, तर बहुधा नवा बूट आणि ग्रीस एवढ्यात भागतं. आवाज सुरू झाला असेल तर आत धूळ गेलेली असते, मग जॉइंटच बदलावा लागतो.