एम्ब्रियो ठेवायचाय? आधी गायीची वही काढा

गीरचा एम्ब्रियो, म्हणजे दुसऱ्या गायीच्या पोटात ठेवायचा कोवळा गर्भ, घेतला, डॉक्टर बोलावला की झालं काम, असं नसतं बरं का. डॉक्टरचं काम पाच-दहा मिनिटांचं, बाकी सगळं आपल्या गळ्यात. आमचा तबेला मुंबईत, आरेत, म्हशीच जास्त, गाई मोजक्या, त्यांच्यावर जे शिकलो ते सांगतो.

रेसिपियंट, म्हणजे जिच्या पोटात एम्ब्रियो ठेवायचा ती गाय, निवडताना दूध नि रूप बघत बसू नका, वासरात तिचं रक्त उतरतच नाही, ती फक्त पोट देते, त्यामुळे संकरितही चालते. बघायचं हे की मागचं वेत सरळ झालं का, जार आपोआप पडली का, व्यायल्याला ६० दिवस उलटले का आणि दर १८ ते २४ दिवसांनी नेमाने माजावर येते का. चारदा भरूनही गाभ न राहता उलटलेली गाय "बघू, एम्ब्रियो तरी टिकतो का" म्हणून पुढे करतात लोक, नका करू. अंगाने हाडकुळी नको, मातलेली तर नकोच. ब्रुसेला-टीबी तपासून घ्या, जंताचं औषध आणि लाळ्या-खुरकूतची लस महिनाभर आधीच उरका. आणि घाटावरून टेम्पोत घालून आणलेली गाय लगेच धरू नका, आधी तिला इथलं पाणी नि दमट हवा अंगवळणी पडू दे.

आता खरी मेख माजाची. एम्ब्रियो सात दिवसांचा असतो, म्हणून गायीच्या माजालाही सातवाच दिवस हवा, फार तर एक दिवस मागेपुढे. डॉक्टर ११ दिवसांच्या अंतराने प्रोस्टाग्लँडिनची, म्हणजे माजावर आणणाऱ्या हार्मोनची, दोन इंजेक्शनं देतात, दुसऱ्यानंतर दोन ते पाच दिवसांत माज दिसतो. त्याआधी गाय गाभण नाही ना हे बघा, नाहीतर गाभ पडेल. आणि माज दिसतो म्हणजे, बघणारा असला तर! बांधलेली गाय कुणावर चढणार? ओल्या लादीवर सोडली तरी घसरायच्या भीतीने चढत नाही. मग शेपटीखाली सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, बघायचा, काचेसारखी तार लोंबते. पहाटे आणि रात्री उशिरा, स्वतः बघा. आमच्याकडे एकदा गड्याने "काल संध्याकाळी" सांगितलं, मी वहीत तेच लिहिलं, नंतर कळलं त्या दिवशी तो सुट्टीवर होता, बदलीवाल्याचं ऐकून बोलला. एम्ब्रियो गेला ना वाया.

ठेवायच्या दिवशी डॉक्टर हात घालून पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयावर तयार होणारी गाठ) कुठल्या बाजूला आहे ते बघतात, एम्ब्रियो गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात जातो. पीतपिंड नीट नसेल आणि ते नको म्हणाले तर हट्ट करू नका. खोड्यात काठी, आरडाओरडा अजिबात नको.

पुढचा दीड महिना पेंड-वैरण बदलायची नाही. उन्हाळ्यात नि ऑक्टोबरात जपा, बारीक तुषार उडवणाऱ्या फॉगरचा मुंबईत फारसा उपयोग नाही, हवाच ओली, त्यापेक्षा अंगावर पाणी ओतून मोठा पंखा लावा.

दोन आठवड्यांनी परत माज येतो का बघा. नाही आला म्हणून पेढे वाटू नका, साधारण महिन्याने सोनोग्राफी, दोन महिन्यांनंतर पुन्हा तपासणी. आणि विण्याची तारीख वहीतल्या माजाच्या दिवसापासून मोजा, एम्ब्रियो ठेवल्याच्या दिवसापासून नाही, नाहीतर तुम्ही गाफील असताना आठवडाभर आधीच गाय अडायची.