पलटणीच्या युद्ध-रोजनिशीत पणजोबांचा शोध घेताना या चुका टाळा

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. 1914 ते 1919 या काळात या गावातून किती माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढे दोन आकडे तिच्यावर कोरलेले असतात, नावे नसतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली आणि ते आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. अशा आकड्यांतला आपला माणूस कोणता, हे शोधायला निघालेली पतवंडे साहजिकच पलटणींच्या युद्ध-रोजनिश्यांकडे, म्हणजे वॉर डायऱ्यांकडे वळतात. साधन फार मोलाचे आहे, पण ते हाताळताना बहुतेक जण त्याच त्याच ठिकाणी अडतात आणि ‘आमच्या माणसाची नोंदच नाही’ असे समजून शोध सोडून देतात. त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण पुष्कळदा वाट पुढे गेलेली असते आणि आपण चुकीच्या पानावर थांबलेलो असतो.

रोजनिशीत थेट नाव शोधणे

युद्ध-रोजनिशी ही कोणा सैनिकाची खासगी वही नव्हे. मोहिमेवर निघालेल्या प्रत्येक पलटणीने ती ठेवावी असा लष्कराचा नियम होता. सी-2118 या क्रमांकाच्या छापील फॉर्मवर ठिकाण, तारीख-वेळ, घडामोडींचा गोषवारा आणि शेरा असे रकाने असत, आणि ते बहुधा पलटणीचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे कचेरीचे काम पाहणारा अधिकारी, इंग्रजीत भरत असे. त्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे येतात, एखाद्या सुभेदाराचे किंवा जमादाराचे नाव येते, शिपायाचे मात्र क्वचितच येते. शिपाई तिथे आकड्यात असतो. ‘बी.ओ.’ म्हणजे ब्रिटिश अधिकारी, ‘आय.ओ.’ म्हणजे सुभेदार-जमादार आणि ‘आय.ओ.आर.’ म्हणजे हवालदार, नाईक, शिपाई. दुसऱ्या महायुद्धात सुभेदार-जमादारांसाठी ‘व्ही.सी.ओ.’ (व्हाइसरॉयज् कमिशन्ड ऑफिसर) ही अक्षरे येतात. ‘दोन आय.ओ.आर. ठार, अकरा जखमी’ अशा धाटणीच्या नोंदीतल्या अकरांत आपला माणूस असू शकतो, पण तसे म्हणायला त्याच्या जखमी होण्याची तारीख आपल्याकडे आधीच असावी लागते. म्हणून आधी माणूस, मग त्याची पलटण, मग तारीख आणि सर्वांत शेवटी रोजनिशी, हा क्रम मोडू नये.

याच घाईत आणखी एक नुकसान होते. रोजची पाने चाळून झाली की लोक फाइल बंद करतात आणि शेवटी जोडलेली परिशिष्टे पाहतच नाहीत. खरे तर शिपायांची नावे सापडलीच तर तिथे सापडतात: एखाद्या लढाईनंतरची जायबंदींची यादी, पदकांसाठीच्या शिफारशी, नव्याने आलेल्या कुमकेचा तपशील. सगळ्याच महिन्यांना परिशिष्टे असतात असे नाही, पण शेऱ्याच्या रकान्यात एखाद्या परिशिष्टाचा उल्लेख दिसला, तर ते सापडेपर्यंत फाइल सोडू नये.

पलटण ओळखण्यातली गफलत

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, आणि हे मी स्वतःच्या घरच्या अनुभवावरून सांगतो. ‘पणजोबा पाचवीत होते’ हे आमच्याकडे आजी नेहमी सांगायची. मी त्याचा अर्थ पाचवी बटालियन (बटालियन म्हणजेच पलटण) असा घेतला आणि कित्येक महिने 117 व्या पलटणीची पाने वाचली. त्या वाचनाचा आमच्या माणसाशी काहीही संबंध नव्हता.

मराठा पलटणींच्या बाबतीत ‘पाचवी’ या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. 1914 साली 103, 105, 110, 114, 116 आणि 117 अशा सहा मराठा पलटणी होत्या. 1922 च्या फेररचनेत त्या सगळ्या मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट, म्हणजे अनेक बटालियनांचा गट, झाली: 103 ची पहिली बटालियन, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी म्हणजे ‘रॉयल’, आणि 114 ची प्रशिक्षणासाठीची दहावी. म्हणजे ‘पाचवी’ ही रेजिमेंटही असू शकते आणि तिच्यातली पाचवी बटालियनही. त्यातच 105 ही पलटण त्याआधी मुंबई फौजेची पाचवी होती, आणि ‘काळी पाचवी’ हे तिचे जुने नाव तिची दुसरी बटालियन झाल्यावरही टिकून राहिले. आजीच्या तोंडची ‘पाचवी’ ही हीच काळी पाचवी होती. तसेच घरात ‘जंगी पलटण’ असा शब्द चालत आला असेल तर 103 पाहावी, म्हणजे नंतरची पहिली बटालियन.

हा घोळ मिटवला तो मेडलने. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते; 1914-15 च्या तीन टोकांच्या ताऱ्यावर ती मागच्या बाजूला असते. आमचे मेडल देव्हाऱ्याच्या खणात होते आणि दरवर्षी दसऱ्याला चिंच लावून घासले जात असल्याने त्याची कड जवळजवळ गुळगुळीत झाली होती. खिडकीशी तिरप्या उजेडात ते धरले आणि भिंगाखाली हळूहळू फिरवत गेलो, तेव्हा आधी चार आकडी क्रमांक दिसला, मग ‘सिपॉय’ हा हुद्दा, मग अर्धवट पुसलेले आडनाव, आणि शेवटी स्वच्छ 105. आपल्या घरी मेडल असेल तर चिंच, राख, ब्रासो यांपैकी काहीही लावू नका. आधी कडेचे फोटो काढा. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांना दिलेल्या मेडलांवरही नाव असते. मृताच्या कुटुंबाला मिळालेल्या वाटोळ्या काशाच्या स्मृतिफलकावर मात्र फक्त नाव असते. हुद्दा, क्रमांक किंवा पलटण त्यावर नसते, त्यामुळे एकट्या फलकावरून पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धासाठी ‘1/5’ किंवा ‘3/5’ हे लिखाण नीट वाचावे. तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा बटालियनचा आणि नंतरचा रेजिमेंटचा. दोन व्हिक्टोरिया क्रॉसवरून हा फरक चांगला लक्षात येईल. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, ते 3/5 चे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला, ते 1/5 चे. देश एक, रेजिमेंट एक, पण पहिली बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती आणि तिसरी दहाव्या, त्यामुळे रोजनिश्या वेगळ्या आणि मोर्चेही वेगळे. ‘आजोबा इटलीत मराठा रेजिमेंटमध्ये होते’ एवढ्यावर फाइल मागवली तर चुकीची येण्याचीच शक्यता जास्त. त्याच वेळी 4/5 मणिपूरच्या आघाडीवर होती आणि मार्च 1944 मध्ये सांगशाकच्या लढाईत होती, हेही ध्यानात असावे.

‘बसऱ्याला गेले’ हे शब्दशः घेणे

आपल्या घरांत ‘बसरा’ हा शब्द साऱ्या मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकसाठी, वापरला गेला, कारण जहाज तिथे लागत असे. माणूस प्रत्यक्षात कूतला, टेसिफोनला किंवा पार उत्तरेला शर्कातला असू शकतो. तसेच ‘वेढ्यात होते’ ही आठवणही तारखेशी ताडून पाहावी. 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तुर्कांनी कूतला घातलेल्या वेढ्यात सापडल्या, हे खरे. तो वेढा 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा चालला. पण नोव्हेंबरच्या अखेरीस टेसिफोनला जखमी झालेली पुष्कळ माणसे वेढा आवळण्यापूर्वी बोटींतून नदीमार्गे बसऱ्याकडे आणि तिथून इस्पितळी जहाजाने मुंबईला पाठवली गेली होती. अशा माणसाची पलटण कूतमध्ये असते आणि तो स्वतः नसतो. घरची तारीख आणि पलटणीचे ठिकाण जुळत नसेल, तर घरची आठवण खोटी ठरवण्याआधी वैद्यकीय पथकांच्या आणि इस्पितळांच्या रोजनिश्या पाहाव्यात. त्याही त्याच संग्रहात असतात.

चुकीची रोजनिशी उघडणे

पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या रोजनिश्या लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू.ओ. 95 या मालिकेत आहेत. ती डिव्हिजन, ब्रिगेड आणि मग पलटण अशी, म्हणजे मोठ्या तुकडीकडून लहानीकडे, लावलेली आहे, आणि एकाच गठ्ठ्यात अनेक पलटणी असू शकतात, म्हणून सूचीत पलटणीचे नाव दिसले नाही तरी तिच्या ब्रिगेडवरून जावे. दुसऱ्या महायुद्धासाठी मध्यपूर्वेच्या डब्ल्यू.ओ. 169 मध्ये, इटलीच्या डब्ल्यू.ओ. 170 मध्ये आणि ब्रह्मदेशाच्या डब्ल्यू.ओ. 172 मध्ये पाहावे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘वॉर डायरी, आय.ई.एफ. डी’ अशा नावाचे खंड मिळतात, तेव्हा आपल्याला हवे ते सापडले असे वाटते. पण ‘आय.ई.एफ.’ म्हणजे परदेशी मोहिमेवर पाठवलेली हिंदी फौज, आणि ‘डी’ म्हणजे मेसोपोटेमियाला गेलेले सारे सैन्य, आणि हे खंड सिमल्याच्या लष्करी मुख्यालयात आलेल्या-गेलेल्या तारांचे संकलन आहेत. मोहिमेचे चित्र त्यातून उत्तम कळते, आपल्या कंपनीची रात्र कळत नाही.

सूचीत शोधताना ‘मराठा’चे जुने इंग्रजी स्पेलिंगही टाकावे, ज्यात मध्ये ‘एच’ आणि दोन ‘टी’ येतात. नव्या स्पेलिंगने काही मिळाले नाही म्हणून परतलेली माणसे मला भेटली आहेत.

सगळे लढाऊ शिपाईच होते असे धरणे

मुंबई इलाख्यातले मराठी लोक केवळ मराठा पलटणींत नव्हते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात, रस्ते-खंदकांचे काम करणाऱ्या पायोनियर पलटणींत, 104 वेलस्ली रायफल्ससारख्या मिश्र पलटणींत, खेचरांच्या तांड्यांत, डोलीवाल्यांच्या आणि मजुरांच्या पथकांत ते होते. महार समाजातल्या सैनिकांचा शोध घेताना हे विशेष महत्त्वाचे आहे. आजची महार रेजिमेंट ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली, त्यामुळे पहिल्या महायुद्धातला माणूस तिच्यात सापडणारच नाही; त्यासाठी 1917 साली उभी केलेली आणि 1921 पर्यंत टिकलेली 111 महार ही पलटण पाहावी, आणि तिथे नसल्यास बिनलढाऊ पथके. घरचे मेडल चांदीचे नसून काशाचे असेल, तर तो मोठा धागा आहे, कारण काशाचे ब्रिटिश वॉर मेडल लढाऊ शिपायांना नव्हे, तर मजूर व बिनलढाऊ पथकांतल्या माणसांना दिले गेले.

नाव आणि गाव आजच्या लेखनाने शोधणे

युद्धात मृत्यू आला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही ही तारीख मिळवण्याची सर्वांत खात्रीची जागा आहे. ती संकेतस्थळावर खुली आहे आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा असतो. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांची मात्र नुसती संख्या कोरली गेली, तरी नोंदवहीत शिपायांची नावे आहेत. मात्र ती इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली आहेत. ‘शिंदे’चे ‘सिंदे’, ‘पवार’चे ‘पोवार’, ‘जाधव’चे ‘जादो’ होऊ शकते. आडनावाने अडले तर क्रमांकाने, पलटणीने किंवा वडिलांच्या नावाने शोधावे. जिल्हाही त्या काळचा धरावा: रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग 1981 पर्यंत नव्हताच, त्यामुळे तिथली बरीच गावे रत्नागिरीखाली येतात, आणि सांगलीकडचा माणूस साताऱ्याच्या नावावर असू शकतो.

माणूस परत आला असेल, तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि बेळगावचे मराठा रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय या क्रमाने जावे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे. पत्र पाठवताना सेवा क्रमांक दिला नाही, तर उत्तराची अपेक्षा धरणे कठीण आहे.

पान कोरे दिसले की थांबणे

काही महिने सापडत नाहीत. कूत पडल्यावर सुमारे 13,000 माणसे कैद झाली. 21 जून 1942 रोजी लिबियातले टोब्रुक पडले तेव्हा 2/5 ही मराठा बटालियन शत्रूच्या हाती गेली. अशा वेळी पलटणीची रोजनिशी तुटते, आणि ती तुटणे हीच त्या दिवसाची नोंद असते. पुढचा माग मग युद्धकैद्यांच्या कागदांत काढायचा. पहिल्या महायुद्धासाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या कैद्यांच्या याद्या संकेतस्थळावर आहेत, आणि कूतहून नेलेल्या हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला लावले होते, हे ठाऊक असले म्हणजे एखाद्या अनोळखी ठिकाणाचा अर्थ लागतो.

पाने आहेत पण नोंद त्रोटक आहे, असेही होते; लढाईच्या धामधुमीत लिहिणाऱ्याला दोन ओळींपलीकडे सवड नसे. तेव्हा शेजारच्या पलटणीची रोजनिशी काढावी. 110 मराठा ही अठराव्या ब्रिगेडमध्ये नॉरफोक रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनबरोबर आणि 120 राजपुताना पलटणीबरोबर होती. 12 ते 14 एप्रिल 1915 या तीन दिवसांची बसऱ्याजवळच्या शैबाची लढाई आपल्या पलटणीच्या पानावर चार ओळींत संपली असेल, तर या दोन्ही पलटणींची आणि ब्रिगेडच्या मुख्यालयाची त्याच तारखांची पाने समोरासमोर ठेवून वाचावीत: कोण कोणाच्या डाव्या हाताला होते, पाणी कधी पोहोचले, कोणत्या तासाला पुढे सरकण्याचा हुकूम आला. आपल्या माणसाचे नाव त्यांत येणार नाही, पण तो कुठे उभा होता ते पुष्कळ नेमके कळेल.