लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली? आधी टॉर्च मारून बघा

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच? नवी स्क्रीन टाकायला साताऱ्यातल्या पोवई नाक्याकडे धावण्याआधी खोलीत अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. आयकॉन पुसटसे दिसले, तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय.

काहीच दिसलं नाही, तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर दोष बहुतेक स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. तिथेही रेघा आल्या, तर गडबड ग्राफिक्सची, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाची. विंडोजवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा, ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो.

आणि बिजागरी नक्की तपासा! माझ्या जुन्या लॅपटॉपचं झाकण अर्ध्यावर आणलं की चित्र यायचं, पूर्ण उघडलं की गायब. बिजागरीजवळून जाणारी बारीक केबल सैल झाली होती. साताऱ्यातल्याच एका दुकानात मला नवी स्क्रीन सांगितली होती. दुसऱ्याने केबल काढून नीट बसवली, तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून झाकण कोपऱ्याला धरून कधीच उघडत नाही, मधोमध धरूनच.