स्टार्टअपचा अनुभव एमबीएच्या अर्जात कसा मांडावा

एमबीएसाठी अर्ज करणाऱ्यांत स्वतःला ‘संस्थापक’ म्हणवणारे पुष्कळ असतात, त्यामुळे नुसत्या त्या पदनामाने कोणाचे पारडे जड होत नाही. नामांकित कंपनीत नोकरी मिळवणे किती अवघड आहे, हे प्रवेश समितीला ठाऊक असते. अनोळखी स्टार्टअपमधल्या माणसाची मात्र अशी पारख आधी कोणी केलेली नसते आणि म्हणून पुरावा अर्जदारालाच द्यावा लागतो.

सुरुवात रेझ्युमेपासून करावी. कंपनी काय विकते, कोणाला विकते, तिथे किती माणसे काम करतात आणि भांडवल कोठून आले, हे तिच्या नावाखाली एका ओळीत सांगावे. मग स्वतःचे काम. ‘व्यवसायवाढीची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘पहिले ४० ग्राहक स्वतः भेटून मिळवले, त्यांपैकी ३१ जणांनी दुसऱ्या वर्षीही करार चालू ठेवला’ असे लिहिले, की वाचणाऱ्यासमोर माणूस उभा राहतो. आपण तिथे कर्मचारी असू, तर संस्थापकाचे श्रेय स्वतःच्या नावावर मांडू नये, कारण प्रवेश निश्चित झाल्यावर अनेक संस्था अर्जातील माहितीची पडताळणी करून घेतात.

खरी अडचण शिफारसपत्रांची. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डसारख्या संस्था दोन शिफारसी मागतात, शक्यतो वरिष्ठांच्या. संस्थापकाला वरिष्ठच नसतो. अशा वेळी गुंतवणूकदार, मोठा ग्राहक, संचालक मंडळातील सदस्य किंवा आधीच्या नोकरीतील साहेब यांपैकी ज्याने आपल्याला चुकताना आणि ती चूक निस्तरताना पाहिले आहे, त्याला विचारावे. सहसंस्थापक बहुधा मित्रच असतो, त्यामुळे त्याच्या कौतुकाला फारसे वजन नसते. नातेवाइकांचा तर विचारच करू नये.

स्टार्टअप बंद पडले असेल, तर ते लपवू नये. पैसे कधी संपले, कोणता निर्णय चुकला आणि हाताखालच्या माणसांना ते कसे सांगितले, हे दोन-तीन वाक्यांत निबंधात यावे. बाजारावर खापर फोडणारा निबंध, माझ्या मते, अपयशापेक्षा अधिक नुकसान करतो. उलट कंपनी उत्तम चालली असेल, तर ती सोडून वर्गात बसण्याची गरज का वाटते, याचे पटण्याजोगे उत्तर तयार हवे.

पदवीचे गुण बेताचे असतील, तर ती कसर स्टार्टअप भरून काढेल या भरवशावर राहू नये. जीमॅट या प्रवेश परीक्षेची तयारी (नव्या स्वरूपात गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात) सर्वांइतकीच करावी लागते. अर्जाच्या तोंडावर, शोभेपुरती काढलेली कंपनी तर तारखांवरूनच ओळखू येते.

मुलाखतीला जाताना आपली मासिक विक्री, खर्च आणि ग्राहकसंख्या तोंडपाठ असावी, आणि हे आकडे रेझ्युमेतील आकड्यांशी जुळतात का, हे आदल्या दिवशी एकदा ताडून पाहावे.