गरम पाणी, गार पाणी : विरघळण्याचा प्रयोग घरी नीट कसा करायचा

शाळेत प्रोजेक्ट आलं की सगळे हेच करतात, एका ग्लासात फ्रीजचं पाणी, दुसऱ्यात गरम, दोन्हीत रंगाचा थेंब, गरम पाण्यात रंग पटकन पसरतो, फोटो काढला, चार्ट चिकटवला, झालं. पण त्यात जे दिसतं ते बहुतेक डिफ्यूजन (म्हणजे नुसत्या रेणूंच्या हालचालीने रंग आपोआप पसरणं) नसतंच! ओतताना पाणी हललेलं असतं, गरम पाण्यात वर-खाली प्रवाह चालूच असतात, तेच रंग ओढून नेतात. अगदी स्थिर पाण्यात नुसत्या रेणूंच्या हालचालीने रंग ग्लासभर पसरायला कित्येक दिवस लागतात.

खरं डिफ्यूजन बघायचं असेल तर पाण्याला हलूच द्यायचं नाही, आणि त्याला मस्त उपाय म्हणजे चायना ग्रास (अगर-अगर, ज्याने पाण्याचं जेल होतं). 100 मिली पाण्यात साधारण 1 ग्रॅम पावडर घालून उकळा, दोन छोट्या पारदर्शक ग्लासात ओता, सेट होऊ द्या. मग एक ग्लास फ्रीजमध्ये आणि एक ओट्यावर तासभर ठेवा म्हणजे जेलचं तापमान आधी सेट होईल, त्यानंतर दोन्हींवर खायच्या रंगाचे सारखेच थेंब टाका आणि झाका. दुसऱ्या दिवशी बाहेरून पट्टी लावून रंग किती खाली उतरला ते मोजा. ओट्यावरच्यात जास्त उतरलेला दिसेल, पण दुप्पट वगैरे अपेक्षा ठेवू नका. फ्रीज 5 अंश आणि खोली 30 अंश धरली तर पसरण्याचा वेग दुप्पट होतो, कारण रेणूही जोरात हलतात आणि पाणीही पातळ होतं, पण अंतर त्या वेगाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे दीडपटीच्या जरा आतच. सर विचारणार हे नक्की, पाठ करून ठेवा.

आता विरघळणं. खडीसाखरेचे शक्यतो एकाच आकाराचे तीन खडे घ्या, तीन ग्लासात सारखंच पाणी : फ्रीजचं, नळाचं आणि गरम. थर्मामीटर नसेल तर उकळतं आणि नळाचं निम्मं निम्मं मिसळा, साठच्या आसपास येतं (सरळ उकळतं पाणी काचेच्या ग्लासात ओतू नका, तडकतो, आणि गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं). एक तर तिन्ही ढवळायचे नाहीत किंवा तिन्ही सारखेच ढवळायचे, एक ढवळला आणि दोन नाही तर आकड्यांना काही अर्थ नाही. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा.

इथे एक घोळ जवळजवळ सगळेच करतात. किती पटकन विरघळतं आणि एकूण किती विरघळतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. साखरेत दोन्ही वाढतात, 100 मिली पाण्यात 20 अंशाला साधारण 200 ग्रॅम मावते, उकळत्याला 480 च्याही वर, म्हणून तर पाक गार झाला की कधीकधी साखर परत बसते. मिठाचं मात्र तसं नाही, गरम पाण्यात ते झटकन विरघळतं खरं पण मावतं जेमतेम तेवढंच, 36 ग्रॅमचे 39 होतात फक्त. त्यामुळे साखर आणि मीठ दोन्ही करा, नुसत्या साखरेवरून "गरम पाण्यात सगळं जास्त विरघळतं" असं लिहिलंत तर ते चूकच. पानाचा चुना तर उलटाच, पाणी जितकं गरम तितका कमी विरघळतो. सोड्यातला गॅसही तसाच, बाटली उन्हात राहिली की उघडताच फसफसून जातो.

वेळ असेल तर तुरटी नक्की करा. गरम पाण्यात विरघळेल तेवढी घाला, गाळा, दोऱ्याला छोटा खडा बांधून सोडा आणि हलवू नका. गार होताना जास्तीची तुरटी त्या दोऱ्यावर स्फटिक होऊन बसते. चार्टपेक्षा हे टेबलावर ठेवलेलं जास्त भाव खातं. वहीत प्रत्येक ग्लासचं तापमान सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा लिहा, कारण गरम पाणी तोपर्यंत बरंच गार झालेलं असतं.