फोनमधलं विमान: कधी चालू करायचं आणि कधी मुळीच नाही

"ताई, सकाळपासून नेटवर्कच नाही, सिम गेलं वाटतं." माझ्या काउंटरवर फोन ठेवताना सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. फोन हातात घेतला की आधी माझी नजर स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर जाते. बऱ्याचदा तिथे छोटंसं विमान बसलेलं असतं, म्हणजे एअरप्लेन मोड चालू असतो. खिशात असताना बोट लागलं असेल, नाहीतर घरातल्या पोराने खेळता खेळता दाबलं असेल. मी ते विमान बंद करते, दांड्या येतात, मेसेजची टुणटुण सुरू होते, आणि माणूस लगेच खिशात हात घालतो. याचे पैसे मी घेत नाही. पण घेणारे भेटतात, म्हणून हे एकदा नीट माहीत करून घ्या.

माझं दुकान अकोल्याचं, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं. इकडे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनवाडी, भंडारदरा. विमानात बसणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी फार नाही, तरी हे बटण रोज कामाला येतं, कारण त्याचा खरा उपयोग जमिनीवरच जास्त आहे.

आत नेमकं काय बंद होतं

फोनमध्ये एक रेडिओ नसतो, बरेच असतात. टॉवरशी बोलणारा एक, वायफायचा एक, ब्लूटूथचा एक. एअरप्लेन मोड दाबला की टॉवरशी बोलणारा रेडिओ बंद होतो आणि दोन सिम असतील तर दोन्ही गप्प होतात. एकच सिम बंद ठेवायचं असेल तर हे बटण नाही, सिम सेटिंगमध्ये जायचं. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच फटक्यात बंद होतात, पण ते तुम्ही हाताने लगेच पुन्हा चालू करू शकता. नव्या अँड्रॉइडवर तर कानात ब्लूटूथ हेडफोन वाजत असेल तर ब्लूटूथ बंदच होत नाही, आणि मोड चालू असताना तुम्ही एकदा वायफाय सुरू केलं की पुढच्या वेळी बरेच फोन ते लक्षात ठेवतात.

जीपीएसचं वेगळं आहे. तिथे फोन काही पाठवत नाही, फक्त उपग्रहांकडून येणारं ऐकतो. म्हणून फार जुने हँडसेट सोडले तर एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

गजर वाजतो, कॅमेरा चालतो, टॉर्च लागते, उतरवून ठेवलेली गाणी आणि व्हिडिओ चालतात. चालत नाही ते कॉल, एसएमएस, मोबाईल डेटा. तुमचं यूपीआयही अर्थातच थांबतं.

समोरच्याला काय कळतं? फोन बंद होण्याआधी टॉवरला "मी निघालो" असं सांगून जातो, म्हणून कॉल करणाऱ्याला सहसा "स्विच ऑफ" ऐकू येतं. एसएमएस कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतात आणि मोड काढला की येतात. ओटीपीही येतो, फक्त तोवर त्याची मुदत संपलेली असते. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला एकच करडी खूण दिसते. काही तरुण मंडळी मला हळूच विचारतात, की मोड लावून मेसेज वाचला तर निळ्या खुणा जात नाहीत ना? त्या वेळी जात नाहीत. फोन पुन्हा ऑनलाइन आला की जातात. तेवढ्या वेळात काय उत्तर शोधायचं ते तुमचं तुम्ही बघा.

चालू-बंद कसा करायचा

अँड्रॉइडवर स्क्रीनच्या वरून बोट खाली ओढा. विमान दिसलं नाही तर आणखी एकदा ओढा. तरीही नसेल तर त्या पडद्यावर पेन्सिलीचं चिन्ह असतं, ते दाबून विमानाचं बटण वर आणून ठेवा. होमचं बटण नसलेल्या आयफोनवर उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली ओढायचं, होमचं बटण असेल तर खालून वर. कुठे याला फ्लाईट मोड म्हणतात, कुठे विमान मोड, चिन्ह तेच.

अडकलेलं नेटवर्क

फोनवर दांड्या भरलेल्या, पण नेट हलत नाही. किंवा संगमनेरहून इकडे आलात, तरी फोन जुन्याच टॉवरला चिकटलेला. अशा वेळी मोड चालू करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, बंद करा. फोन जुनी नोंद सोडतो, आजूबाजूचे टॉवर नव्याने शोधतो आणि जो चांगला मिळेल त्यावर नाव नोंदवतो. फोन रीस्टार्ट केल्यावर नेटवर्कपुरतं हेच घडतं, पण त्याला वेळ लागतो आणि उघडलेलं सगळं बंद होतं. चालू-बंद लगेच लगेच करू नका, नोंद सुटायला थोडा वेळ द्या.

एवढं करून "नो सिम" दिसत असेल तर ट्रे काढून सिम पुसून बसवा. सिम दिसतंय पण नेट नाही, तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, दुकानात येणाऱ्या नेटवर्कच्या तक्रारींमध्ये याचा वाटा मोठा आहे.

डोंगरात

शनिवारी मुंबई-पुण्याची पोरं गडावर जाताना दुकानात पॉवर बँक मागतात. मी विकते, धंदाच आहे. पण सोबत सांगते, की कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव सोडलं की फोन एअरप्लेन मोडला टाका.

कारण असं. डोंगराच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर आवाज चढवावा लागतो, तसा टॉवर लांब गेला की फोन आपली ताकद वाढवतो. जुन्या टूजी हँडसेटला २ वॅटपर्यंत जोर लावता येतो, फोरजीवर साधारण ०.२ वॅट. टॉवर जवळ असेल तर यातला अगदी थोडा वापरला जातो, लांब असेल तर फोन कमाल जोर लावतो. रेंज पुरती गेली की तो वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, शोधत बसतो, थोडी मिळते, पुन्हा जाते, पुन्हा शोधतो. तुम्ही फोनला हात लावलेला नसतो आणि पाचनईहून हरिश्चंद्रगडावर पोचेपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असते. फोन गरम लागतो तो यामुळेच. मोड लावला की ही धडपड थांबते, आणि कोकणकड्यावर फोटो काढायला चार्जिंग उरतं.

आता वाट कशी बघायची? घरून किंवा एसटी स्टँडवरून निघण्याआधी, नेट असताना, गुगल मॅप्समध्ये तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. ट्रेकची वाट दाखवणारं ॲप असेल तर ती वाटही उतरवा. मग एअरप्लेन मोडमध्येही तुमची जागा दाखवणारा निळा ठिपका तुमच्याबरोबर चालतो. फक्त पहिल्यांदा जागा सापडायला उशीर लागतो, कारण एरवी उपग्रहांची माहिती फोन नेटवरून चटकन घेतो आणि आता ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. एका उपग्रहाची कक्षेची माहिती उतरायलाच अर्धा मिनिट जातं. म्हणून मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबा, किंवा नेट असतानाच ठिपका पक्का होऊ द्या आणि मग मोड लावा. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत मात्र ठिपक्यावर भरवसा ठेवू नका. आभाळाची पट्टीच दिसते तिथे, उपग्रह कुठून दिसणार?

निघण्याआधी घरी सांगा, की फोन बंद लागेल आणि अमुक वाजता मी चालू करीन. हे न सांगितल्यामुळे घरचे घाबरून सगळ्या मित्रांना फोन लावत बसतात. माथ्यावर पोचल्यावर मोड काढून बघा. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि वरून बऱ्याच लांबचे टॉवर थेट समोर असतात, त्यामुळे पायथ्याच्या गावात नसलेली रेंज कधी कधी वर मिळते. निरोप द्या, पुन्हा मोड लावा.

कुणी पडलं, लागलं, तर आधी मोड काढा आणि ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर हा कॉल त्यावरून जाऊ शकतो. बरेच फोन ११२ दाबल्यावर स्वतःच मोड काढतात, पण त्या घाईत फोनच्या शहाणपणावर विसंबू नका.

आणि काजवे बघायला भंडारदऱ्याला येणाऱ्यांनो, रोख पैसे आणा. चहावाल्याच्या स्कॅनरसमोर मोड चालू-बंद करत उभं राहून उपयोग नाही, तिथे बऱ्याचदा रेंजच नसते.

घरात रेंज नाही, पण वायफाय आहे

हा उपयोग मी सगळ्यात जास्त लोकांना शिकवलाय आणि सगळ्यात कमी लोकांना आधी माहीत होता. जाड भिंतींचं जुनं घर, आत एकच दांडी, पण फायबरचं कनेक्शन आलेलं. अशा घरात फोनच्या कॉल सेटिंगमध्ये किंवा सिमच्या सेटिंगमध्ये "वायफाय कॉलिंग" शोधा आणि चालू करा. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली, वेगळे पैसे पडत नाहीत. कॉल तुमच्याच नंबरवरून जातो, व्हॉट्सॲप कॉल नव्हे. समोरच्याचा साधा बटणाचा फोन असला तरी चालतं.

अडचण अशी, की एक दांडी असेपर्यंत काही फोन हट्टाने टॉवरवरच कॉल लावतात आणि आवाज तुटतो. मग मोड चालू करा आणि त्यातच वायफाय पुन्हा सुरू करा. टॉवरचा पर्यायच उरत नाही, कॉल वायफायवरून जातो आणि स्वच्छ ऐकू येतो. कॉल येतातही. ओटीपीचा एसएमएस काही फोनवर असा येतो, काहींवर येत नाही, म्हणून बँकेचं काम असेल तेव्हा मोड काढा. आणि लाईट गेली की राऊटर बंद, फोन मुका. आमच्याकडे हे सांगावंच लागतं.

रेकॉर्डिंग

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामाचा फोन येतो आणि व्हिडिओ तिथेच तुटतो. शूटिंग करणाऱ्या फोनवर आधी मोड लावा. कीर्तनाचं रेकॉर्डिंग असेल तर आणखी एक कारण आहे: साउंडवाल्याच्या मशीनजवळ फोन ठेवला की कधी कधी स्पीकरमधून "टर्र टर्र टर्र" येतं. टूजीवर फोन सलग बोलत नाही, सेकंदाला साधारण २१७ झटके देत पाठवतो, आणि ते झटके वायरमध्ये शिरून ऐकू येतात. बुवांच्या गजरात ही टर्रटर्र कुणालाच नको असते.

लहान पोराच्या हाती फोन द्यायचाच असेल तर आधी उतरवलेला व्हिडिओ लावून मोड चालू करा. पोर चुकून कुणाला कॉल लावणार नाही आणि भलत्या जाहिरातीवर जाणार नाही.

रात्री झोपताना मोड लावावा का? गजर वाजतो, झोप मोडत नाही, हे खरं. पण ज्यांचे आईवडील गावी एकटे असतात त्यांना मी नाही म्हणते. त्यासाठी "डू नॉट डिस्टर्ब" वापरा, त्यात आवडत्या नंबरांना परवानगी द्या, आणि पुन्हा पुन्हा कॉल करणाऱ्याला वाजू देणारी खूण चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याच माणसाचा १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर घंटी वाजते, आयफोनवर ३ मिनिटांत. चार्जिंग जलद होतं म्हणून मोड लावणारेही आहेत. होतं, पण किरकोळ. चांगला चार्जर आणि केबल घ्या, फरक तिथे पडतो.

आणि हो, विमानात

मोबाईलमुळे विमान पडतं अशी भीती घालायचं कारण नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये हवेत मोबाईल वापरायला बंदी घातली ती जमिनीवरच्या मोबाईल जाळ्याला त्रास होऊ नये म्हणून: वरून फोनला एकदम कितीतरी टॉवर दिसतात. वैमानिकाच्या हेडफोनमध्ये ती वरची टर्रटर्र शिरू शकते, हे दुसरं कारण. भारतात २०१४ पासून विमान चढता-उतरतानाही फोन मोड लावून चालू ठेवता येतो. त्याआधी पूर्ण बंद करावा लागे. विमानात वायफाय असेल तर ते ३,००० मीटरच्या वर आणि कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावरच.

मुलाकडे दुबईला निघालेल्या आईबाबांना मी एवढंच सांगते: बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट आधी काढा, आणि उतरल्यावर डेटा रोमिंग (परदेशी नेटवर्कवरून नेट) बंद आहे याची खात्री होईपर्यंत मोड काढू नका. मोड ठेवून विमानतळाचं वायफाय घेता येतं. काही परदेशी विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. मोड न लावलेला फोन त्याला जाऊन चिकटला तर बिल भरताना घाम फुटतो.

चोराच्या हातात हेच बटण

फोन चोरला की चोर पहिलं काम करतो ते हे विमान दाबायचं, म्हणजे फोन नकाशावर सापडणं अवघड होतं. बऱ्याच फोनवर लॉक न उघडताही वरचा पडदा ओढता येतो. सॅमसंगमध्ये लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये "सिक्युअर लॉक सेटिंग्ज" आणि त्यात "लॉक नेटवर्क अँड सिक्युरिटी" असतं, ते चालू करा. आयफोनमध्ये फेस आयडी आणि पासकोडच्या सेटिंगमध्ये "लॉक असताना परवानगी" या यादीतलं कंट्रोल सेंटर बंद करा. बाकीच्या फोनवर सेटिंगच्या शोधपट्टीत "लॉक स्क्रीन" टाकून बघा, पडदा बंद करायची सोय काहींत असते.

चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम काढा आणि तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. तिथे आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. डायल पॅडवर *#०६# दाबलं की तो दिसतो, दोन सिमचे दोन. खोक्यावर छापलेला असतो, पण खोकं कुणाकडे राहतं? रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीत एका कागदावर लिहून ठेवा.